सावलीतलं काम

"साहेब, मले आता गिट्टीची टोपली उचलवत नाही," अनसूया म्हणाली. पाचवा महिना लागला होता. भंडाऱ्याकडची ही बाई भिलाईच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे कामाला होती. मी त्याच ठेकेदाराचा पेंट सुपरवायझर. घरी बसवलं तर तिची रोजी बुडणार, म्हणून मी तिला पेंटच्या शेडमध्ये बसवलं. सावली होती, काम हलकं.

लोखंडी खांबांना गंज लागू नये म्हणून पहिला हात रेड लेडचा देतात. ही शिशाची पूड, म्हणजे आपला शेंदूरच. जवसाच्या तेलात कालवून ठेवली की घट्ट बसते, म्हणून रोज ताजी घोटायची. बाया हातानंच घोटत आणि हात पदराला पुसून भाकर खात.

"शेंदूर घोटून राहिली, हिले मारुतीच होते पाहा," बाकीच्या चिडवायच्या. तीही हसायची.

पुढे एकदा म्हणाली, "तोंडाले लोखंडासारखी चव येऊन राहिली. पोटात मुरडा येते."

"डोहाळे असतील," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं.

मुलगा झाला. नाव मारुतीच ठेवलं. बरोबरीची पोरं गोष्टी सांगायला लागली, तरी त्याला आई म्हणता येईना.

मग आमचा एक पेंटर पोट धरून कोसळला. डॉक्टरांनी त्याच्या हिरड्यांवरची निळसर रेघ मला दाखवली. "शिसं अंगात भिनलंय."

मी अनसूयेचं सांगितलं. ते म्हणाले, "शिसं आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळापर्यंत जातं. मेंदू तेव्हा घडत असतो, तिथंच ते बाधतं."

"मारुतीचं त्यामुळंच?"

"शपथेवर नाही सांगता येणार. पण तिला तिथं बसवायला नको होतं."

शेडमधल्या बाया मी काढल्या. साइटवरचे इंजिनिअर चिडले. "मग घोटणार कोण?"

"पुरुष. हातमोजे घालून."

"हातमोजे कुठून आणू?"

रोज मागितले तेव्हा आले.

त्यानंतर अनसूया धाकट्या जावेला घेऊन आली. मारुती पदराला धरून उभा. "हिले दिवस गेले, साहेब. मले देलं होतं तसं सावलीचं काम हिले द्या."

जावेला मी पाणी पाजायच्या कामावर लावलं. मग अनसूयेला सगळं सांगितलं. ती मारुतीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे ते डोहाळे नव्हते," एवढंच बोलली.

काम हलकं की जड, हे मी तोवर वजनावरूनच ठरवत होतो.