धाकटीचं बरं

आमच्या धाकट्या जावेला देवानं शब्द मोजून दिले असावेत, आणि त्यातले निम्मे 'बरं' हेच.

लग्न होऊन आली तेव्हाच एकदा उकळतं दूध हातावर सांडलं. सासूबाई म्हणाल्या, "भाजलं नाही ना गं?" ही म्हणाली, "नाही, बरं आहे." संध्याकाळी पाहते, तर मनगटाची साल गेलेली आणि हात पदराखाली. पुढं कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर लागली. तिथं मशीनची सुई बोटातून आरपार गेली, तर चिंधी बांधून बाईनं हातातल्या कॉलरी संपवल्या. बाळंतपणात दाई वैतागून ओरडली, "अगं, ओरड तरी! मला कळू दे कुठवर आलंय." दीर कौतुकानं सांगत फिरायचे, "आमची बायको म्हणजे गाय." मी म्हणायची, "भावजी, गायसुद्धा हंबरते हो."

एका स्वयंपाकघरात जन्म काढल्यावर मला तिची तीन 'बरं' ओळखू यायला लागली. लांबवलेलं 'बरंऽ' म्हणजे ऐकलंय, करीन तेव्हा करीन. तुटक 'बरं' म्हणजे दुखतंय, विचारू नका. आणि 'बरं बरं' म्हणजे स्वारी खुशीत.

गेल्या उन्हाळ्यात पित्ताच्या पिशवीतल्या खड्यांसाठी तिला दवाखान्यात ठेवलं. सकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर हसत बाहेर आले. दुपारी वॉर्डात मी तिच्या उशाशी बसले. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिला सगळे भोंगा म्हणत. उशी टोचते, पंखा लागतो, चहा गार आला, हाका चालूच. सिस्टर दर वेळी आठ्या घालून यायच्या, पण यायच्या. जाता जाता आमच्या खाटेशी थबकायच्या. "काय काकू, त्रास नाही ना?"

"बरं आहे."

"बघा! शिका जरा यांच्याकडून," असं भोंग्याला सुनावून पुढं.

"त्यांचं काय घेऊन बसलात," भोंगा म्हणाली, "त्या मेल्या तरी बरं आहे म्हणतील!"

अख्खा वॉर्ड हसला. धाकटीही हसली. हसताना तिचे ओठ मला पांढरे दिसले.

खिडकीतलं ऊन सरकत तिच्या पायांवर आलं होतं. मी सहज पायाला हात लावला. उन्हात असून पाय माठासारखा गार. तिची बोटं चादरीची किनार चाचपत होती, टाका उसवलाय का बघावं तशी. मग जन्मात कधी काही न मागितलेली बाई म्हणाली, "जाऊबाई, पाणी द्या ना थोडं."

"बरं वाटतंय ना गं?"

उत्तर आलंच नाही. मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात आलं. "बरं." ते तिन्हींपैकी नव्हतं. खोल विहिरीत दगड टाकावा, आपण विसरून जावं आणि मग तळातून आवाज यावा, तसं.

मी सिस्टरना गाठलं. "सिस्टर, हिचं बरं काही बरं नाही."

"म्हणजे काय, आजी?"

"हिला बरं नाहीये."

"आत्ताच तर बरं आहे म्हणाल्या!"

"तेच तर सांगतेय."

त्यांनी दंडाला पट्टा बांधला, यंत्राकडे पाहिलं. "बीपी थोडं खाली आहे. ऑपरेशननंतर होतं असं. डॉक्टर राउंडला आले की सांगते." आणि वळल्या. त्यांचंही चूक नव्हतं, एकटी बाई आणि वॉर्ड भरलेला.

बोलली ती भोंगा. "अहो सिस्टर, माझ्या उशीसाठी धावता, त्यांच्यासाठी एकदा बघा की नीट. माझ्या वाटणीची एक हाक त्यांना द्या."

सिस्टर थांबल्या. परत आल्या, मनगट धरलं. या वेळी 'ना' लावून विचारलं नाही. म्हणाल्या, "काकू, कुठं दुखतंय तिथं बोट ठेवा."

धाकटीनं बोट नाही, अख्खा पंजा पोटावर ठेवला. सिस्टरनी तिथं दाबून पाहिलं, आणि चालत आलेली बाई पळत गेली.

पोटात रक्त साचत होतं. तिला परत आत नेलं. रिकाम्या खाटेवर चादरीच्या किनारीचा एक दोरा ओढून काढलेला होता. मी तो बोटाला गुंडाळत बसले. भोंगा गप्प होती. दिवसभरात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या शांततेची.

वाचली. डॉक्टर म्हणाले, "आजी, वेळेवर सांगितलंत, बरं झालं." तो शब्द ऐकला की आता मी आधी बोलणाऱ्याचे ओठ बघते. त्या वॉर्डात 'त्रास नाही ना' विचारणं सगळ्यांनी बंद केलं. 'काय होतंय?' विचारतात आणि उत्तर येईपर्यंत खाटेशी उभे राहतात. घरच्या माणसालाही विचारतात, 'रोजच्यासारख्या वाटतात का?' नवीन सिस्टर आल्या की पुन्हा 'ना' येतं म्हणे. जिभेची सवय ती.

आता खडे मला निघालेत. सोमवारी जायचंय, त्याच वॉर्डात. उशाशी धाकटी बसणार, आणि शेजारच्या खाटेवर या वेळी कोण असेल, कुणास ठाऊक.

काल ती माझी पिशवी भरत होती. मी बजावलं, "हे बघ, मी जरा वेगळी दिसले तर ओरडायचं. सिस्टर रागावल्या तरी ओरडायचं. ओरडशील ना?"

तिनं माझं लुगडं नीट घडी करून पिशवीत ठेवलं.

"बरंऽ," म्हणाली.