टीव्ही नको, सहीही नको

मास्तरांचं डोकं हल्ली सकाळी आठलाच तापायचं. महिनाअखेर भाड्याचं दुकान मालकीणबाईंना रिकामं करून द्यायचं होतं आणि दुकानात लोकांचे सत्तावीस टीव्ही पडून होते. मागे भलंमोठं पोट सुटलेले, जुन्या जमान्यातले, एकेक उचलायला दोन माणसं लागणारे. कुणी 'उद्या नेतो' म्हणून सहा वर्षं फिरकला नव्हता, कुणी आठ. त्यातले एकोणीस तर मास्तरांनी दुरुस्त करून, पुसून ठेवले होते. दुरुस्त केलेली वस्तू न्यायला माणूस येत नाही, याइतका संताप त्यांना दुसऱ्या कशाचा येत नसे.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी हे टीव्ही दुरुस्तीचं दुकान थाटलं, तेव्हापासून लोक त्यांना मास्तर म्हणतात. त्या काळी मालिका ऐन रंगात आली असताना टीव्ही बंद पडला, की घरचा माणूस धावत दुकानात यायचा आणि मास्तर जेवण अर्धं टाकून निघायचे. आता टीव्ही बिघडला की लोक नवा आणून भिंतीला चिकटवतात आणि जुन्याचं काय करायचं ते सुचत नाही म्हणून मास्तरांकडे आणून टाकतात. "बघा काही होतंय का," म्हणतात. होतं की! मास्तर करतातच. पण तोवर भिंत भरलेली असते.

भंगारवाला सगळे टीव्ही न्यायला एका पायावर तयार होता. आड येत होता तो मास्तरांचाच नियम. तरुणपणी एका गिऱ्हाइकानं "टाकून द्या हो" म्हटलं, म्हणून यांनी त्याच्या टीव्हीचे भाग काढून दुसरीकडे वापरले. दोन महिन्यांनी तोच गृहस्थ मेहुण्याला घेऊन आला आणि भर रस्त्यात यांना चोर म्हणाला. समोरचे दुकानदार हातातली कामं टाकून बघत उभे होते. तेव्हापासून लेखी असल्याशिवाय परक्याचा स्क्रूसुद्धा मास्तरांनी दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. आणि आता जाता जाता पुन्हा कुणी आपल्याला चोर म्हणायला नको, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून त्यांनी कागद छापून घेतले. 'माझा टीव्ही मला नको आहे. मी त्यावरचा हक्क सोडला आहे.' खाली सहीची जागा. दोन दिवसांत काम उरकेल असं त्यांना वाटलं. त्रेचाळीस वर्षं गिऱ्हाइकांत काढूनही अक्कल आली नव्हती, दुसरं काय!

दातांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "फेकून द्या हो मास्तर, विचारता काय!" मास्तर कागद घेऊन दवाखान्यात गेले, तर तेच डॉक्टर कागदाकडे विंचवाकडे बघावं तसं बघायला लागले. "सही? सही कशाला? मी सांगतोय ना तोंडानं!"

शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे आले की विचारते." हे कामासाठी परदेशी होते, आणखी दोन वर्षं येणार नव्हते. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोघा भावांचा टीव्ही सामाईक होता; प्रत्येकजण म्हणाला, आधी त्याची सही आणा. बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"यात हक्क असं लिहिलंय. म्हणजे वस्तूला काहीतरी किंमत असणार. उगाच कुणी हक्क सोडायला सांगत नाही."

"मग घेऊन जा ना साहेब!"

"घेऊन कशाला जाऊ? माझ्याकडे नवा आहे की."

मास्तरांना वाटलं, आता आपलंच डोकं भिंतीवर आपटावं. पाच दिवसांत एक सही मिळाली, आणि ती ज्यानं दिली त्यानं आपला टीव्ही तीन वर्षांपूर्वीच नेलेला होता.

मास्तरांची बायको टपाल वाटायची. कुणाच्या दारात काय नेलं की काय होतं, हे तिला पक्कं ठाऊक. ती म्हणाली, "कागद कसले नाचवताय? टीव्हीच न्या दारात. मग बघा गंमत."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी भंगारवाल्याचा टेम्पो घेतला आणि पहिल्यांदा बँकवाल्या साहेबांच्या तिसऱ्या मजल्यावर दोघांनी मिळून धूड चढवलं. सुनेनं दार उघडलं. "बाबा, हे आत आलं तर मी बाहेर जाते!" साहेबांनी दारातच टीव्हीवर कागद ठेवून सही केली, बिनचष्म्याची. दातांच्या डॉक्टरांनी पेशंटला आ करून बसवून ठेवलं आणि धावत येऊन सही ठोकली. भावाभावांत तर आधी कुणी करायची यावरून झटापट झाली. जे आठवडाभर विनवून झालं नाही, ते टीव्ही दिसताच मिनिटात व्हायला लागलं. मास्तरांना हसावं की रडावं कळेना. एका आजीबाईंनी मात्र टीव्ही खरोखर आत घेतला, लावायला सांगितला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या धावत असताना "छान झालाय" म्हणाल्या. बाकी सव्वीस टीव्हींच्या सह्या तीन दिवसांत गोळा झाल्या आणि सव्वीसही भंगारात गेले.

शेवटचा टीव्ही गेला त्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाई खाली उतरल्या. त्यांच्या मुलाला दुकानाच्या जागेत गाडी लावायची होती, आणि मास्तरांनी महिन्यापूर्वीच "देतो सोडून" म्हणून शब्द दिला होता. बाईंनी संकोचत एक कागद पुढे केला.

"मुलगा म्हणतो, लेखी असलेलं बरं. म्हटलं, मास्तरांना काही वाटायचं नाही, त्यांचाही तोच नियम आहे."

"सही कशाला बाई?" मास्तर ताडकन बोलले. "सोडलं म्हणतोय ना मी तोंडानं!"

बोलले आणि त्यांचे त्यांनाच कान तापले. रिकाम्या दुकानात आवाज घुमला होता. भिंतीवर टीव्हींच्या पाठींचे काळे डाग तेवढे राहिले होते. पेन खिशातच होतं, पण हात तिकडे जाईना. या वयात, या चार भिंतींसाठी हात अडतो म्हणून त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

बाई पायरीवर टेकल्या. "वाचा सावकाश. मला घाई नाही."

मास्तर कागद वाचत राहिले. त्यात दोनच ओळी होत्या.