उशीवरचा हात

मैत्रिणीच्या वडिलांना भेटायला दवाखान्यात गेले होते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आलेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांचा लुळा हात उचलून अलगद उशीवर ठेवला, विरजण लावलेलं भांडं ठेवावं तसा.

"हा हात धरून ओढू नका हं," त्या सुनेला म्हणाल्या, "खांदा निखळतो. पाठीला आधार देऊन बसवा."

माझ्या वडिलांना, अण्णांना, असाच झटका आला तेव्हा आम्ही त्यांना लुळ्या हाताला धरूनच उठवायचो. भेटायला येणारेही तोच हात ओढून म्हणायचे, "उठा अण्णा, काही झालेलं नाही तुम्हाला!" अण्णांची वाचा गेली होती. डोळ्यांत पाणी यायचं. आम्हाला वाटायचं, माणसं पाहून गहिवरले.

चांगल्या हाताने ते आमची पकड सोडवू बघायचे. मग आम्ही तोही हात मायेने धरून ठेवायचो.