भोपळ्याची पहिली चीर

"थांब! सुरी खाली ठेव आधी! बाईमाणसानं आख्खा भोपळा फोडायचा नसतो, कितीदा सांगायचं?"

पुण्याहून माझी थोरली नणंद ओरडत होती. व्हिडिओ कॉलवर होती म्हणून बरं, नाहीतर इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकमधल्या निम्म्या खिडक्यांच्या काचा तडकल्या असत्या. फोन चहाच्या डब्याला टेकवलेला आणि ओट्यावर भोपळा. भोपळा कसला, लहानसा तालुकाच तो! कोटाखाली धरून आणला, तर बसमध्ये मला ह्या वयात गरोदर समजून तिघं जागा द्यायला उठले.

"वन्सं, पहिली चीर पुरुषानं द्यायची, ठाऊक आहे मला. पण पुरुष आणू कुठून?"

ह्यांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. एरवी हे टीव्हीसमोरून कुरकुरत उठायचे, एक चीर द्यायचे आणि "घ्या, गड सर झाला" म्हणून परत मॅचकडे.

आमच्या रस्त्यावर हॅलोवीनचा अलिखित कायदा आहे. दाराशी कोरलेला भोपळा दिसला तरच सोंगं घेतलेली पोरं चॉकलेटं मागायला बेल वाजवतात. गेल्या वर्षी भोपळा आणायचं भान कुणाला होतं? भुतं, चेटकिणी, एक डायनासोर, सगळी वरात माझं दार टाळून गेली. तेव्हापासून बेल वाजल्याचं आठवत नाही. पार्सलवालासुद्धा पायरीवर खोकं टाकून, फोटो काढून पळतो. यंदा बेल वाजलीच पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं.

"शेजारी कुणी नाही का गं?" वन्सं हळूच म्हणाल्या.

शेजारी एक रिटायर्ड इंग्रज गृहस्थ आहेत. आमचं आजवरचं समग्र संभाषण म्हणजे हवामान आणि कचऱ्याचे बिन्स. भोपळा घेऊन गेले आणि थेट विचारलं, "तुम्ही पुरुष आहात ना?"

"बायकोला विचारून सांगतो," ते म्हणाले. पण मग पुलाचं उद्घाटन करावं इतक्या गंभीरपणे त्यांनी चीर दिली.

पुढचं काम माझं. गर घारग्यांसाठी काढून ठेवला. तोंड राक्षसाचं कोरायचं होतं, पण सुरी घसरत गेली. भुवया जाड झाल्या, ओठ एका बाजूला वाकला. आत बॅटरीची मेणबत्ती लावली आणि बघते तर हे! मॅच हरल्यावरचे.

शेवंतीच्या दोन कुंड्यांमध्ये त्यांना पायरीवर बसवलं. चॉकलेटांचा वाडगा मांडीवर घेऊन मी हॉलवेत वाट बघत बसले. तेवढ्यात बाहेर भुरभुर सुरू झाली, वारा सुटला. ह्यांना गारठा मुळीच सोसायचा नाही. मी दोनदा दार उघडून पाहिलं. तिसऱ्यांदा उचलून आत आणलं, रेडिएटरपाशी ठेवलं आणि समोर बसले.

थोड्या वेळानं पोरांचं खिदळणं जवळ आलं. फाटकाशी जरा रेंगाळलं आणि पुढच्या घराकडे गेलं.

मग कार्डिफहून लेकाचा फोन आला. "आई, मुलं आली का?"

"आली का म्हणजे? स्टेशनपर्यंत रांग होती! आवरायला पोलीस आले, त्यांनाही चॉकलेटं दिली! वाजून वाजून बेल अशी तापलीय, वर पोळी शेकावी!"



"आई, डोअरबेलच्या कॅमेऱ्यातलं माझ्या फोनवर पण दिसतं."