मधाच्या गाडीतली बटणं

आमच्या मधमाश्यांच्या पेट्या फुलांमागं फिरायच्या आणि पेट्यांमागं आम्ही दोघं. बियाण्याच्या कांद्याला फूल आलं की शिरूरकडं, डाळिंब फुललं की दौंडकडं. राहायला जुनी मिनीबस घेतली होती. सीटा काढून पलंग आणि ओटा बसवला. बॅटरीवर दिवे, पंखा आणि पाण्याचा छोटा पंप ह्यांनीच जोडला.

उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यांवर गाडीतलं सगळं खिळखिळं व्हायचं. म्हणून मुक्काम हलवायच्या आदल्या दिवशी हे बॅटरीची वायर सोडवायचे, एकेक बटण उघडून ब्रशनं धूळ झाडायचे, स्क्रू आवळायचे, वायर हलकेच ओढून बघायचे. बॅटरी पुन्हा जोडली की माझं काम सुरू. मी बटण दाबायची आणि बाहेरून प्रश्न यायचा, "लागला का?"

"लागला!"

एकदा राहू गावात मुक्कामाला असताना ह्यांच्या डोळ्यापाशी माशी चावली. दुपारपर्यंत डोळा पार मिटला. दुसऱ्या दिवशी कासुर्डीला जायचं होतं.

"आजच्या दिवस राहू द्या तपासणी," मी म्हणाले.

"न्हाई. स्क्रू ड्रायव्हर तू घे. मी सांगतो तसं कर."

आधी बॅटरी सोडवली. मग पंख्याचं बटण उघडलं, तर आतून मुंग्यांची रांगच बाहेर पडली.

"अहो, मुंग्या आहेत आत!"

"बटणात? बटणात काय खायाला ठेवलंय?"

"तुमच्या बोटांचा मध. पेटी उघडून आलात की तसेच पंखा लावता."

हे मोठ्यानं हसले, आणि सुजलेला गाल दुखला म्हणून लगेच कळवळले. मुंग्या झाडल्यावर मला खालची वायर दिसली. स्क्रू ढिला होता, टोक काळं पडलं होतं. मी त्यांचं बोट धरून तिथं लावलं. हसणं थांबलं.

"आपल्या उशालाच हाय की गं हे," एवढंच म्हणाले.

जळकं टोक कापलं, वायर नव्यानं सोलली, नवं बटण बसवलं. त्या दिवशी बटण त्यांनी दाबलं आणि विचारायची पाळी माझी आली. स्क्रू ड्रायव्हर मी पुन्हा त्यांच्या हातात दिलाच नाही. त्यांनीही मागितला नाही.

पुढं ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. पेट्या आता आमची मुलगी पिकअपमधून नेते आणि संध्याकाळी घरी येते. गेल्या वर्षी आम्ही मिनीबस विकली. घेणारा शिरूरचा तरुण, बायकोला घेऊन हिंडणार होता. मी दोघांना प्रत्येक जोड उघडून दाखवत बसले.

"मावशी, गाडी चांगली हाय, दिसतंय की," तो कंटाळून म्हणाला. त्याची बायको मात्र खाली वाकून बघत होती. "म्हंजी दर वेळी बॅटरी आधी सोडवायची?" तिनं विचारलं.

"व्हय," हे माझ्या आधी म्हणाले.

गाडी पाटसच्या रस्त्याला लागली. हे उन्हात उभे राहून बघत होते. मी त्यांना दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं घरात आले.