धूर येतोय का?

आमच्या ह्यांना सगळे 'कानसेन' म्हणायचे. जुन्या ट्रकचा कार्बोरेटर लावायचा तर ह्यांनीच, असं बाकीचे मिस्त्रीही कबूल करायचे. दुसरे लोक इंजिनाकडे बघत बसतात, हे डोळे मिटायचे. इंजिन चांगलं तापलं की पातळ स्क्रूड्रायव्हरने मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घ्यायचे. पेट्रोल कमी पडून इंजिन अडखळायला लागलं की थांबायचे, मग पाव पाव फेरा मागे. एका जागी सूर लागतो म्हणे. मला मेलीला तो कधी ऐकू आला नाही. मला नुसती घरघर ऐकू यायची, तीही दुपारी जरा पाठ टेकली की हमखास.

हा सूर ऐकायचा म्हणून शटर खाली. शेड रस्त्याला लागून, बाहेर हॉर्न, हातगाड्या, भांडणं. स्क्रूला हात लावण्याआधी हे ओरडायचे, "दादा, शटर!" आणि थोरले भावजी खाडकन शटर ओढायचे. गिअरबॉक्स, ब्रेक, अंगमेहनतीचं सगळं थोरल्यांकडे आणि नाजूक काम ह्यांच्याकडे. धुरासाठी सायलेन्सरला जाड रबरी पाईप लावून मागच्या भिंतीच्या भोकातून बाहेर सोडायचा. वीस वर्षं असंच चाललं होतं, कुणाला साधी शिंक आली नाही.

ते भोक उघडायचं आमच्या मागच्या अंगणात, नेमकं माझ्या कपड्यांच्या दोरीसमोर.

आता आडवळणं पुरे. थोरले भावजी त्या शेडमध्ये धुराने गुदमरून गेले आणि त्याचा ठपका नऊ वर्षं ह्यांच्या माथ्यावर आहे. तो ठपका माझा आहे.

त्या दिवशी लाकडाच्या वखारीचा ट्रक आला होता. म्हातारा, सहा सिलिंडरचा, पेट्रोल पिऊन काळा धूर ओकणारा. मी नुकत्याच चादरी वाळत टाकल्या होत्या. बघता बघता त्यांवर काजळीचे ठिपके. मी भिंतीवर थापा मारल्या, घसा फोडून ओरडले. शटर बंद, इंजिन चालू, कोण ऐकतंय? माझा राग म्हणजे काय विचारता, नाकाच्या शेंड्यावर! पाईप धरला आणि दिला आत ढकलून. पायपुसण्याला ठेवलेली माझ्या फुलाफुलांच्या गाऊनची बाही होती, ती भोकात गच्च कोंबली. "घ्या, तुमचा धूर तुम्हीच खा," असं म्हणाले. शब्द अगदी हेच. मग चादरी परत धुवायला नळावर गेले, आणि साबण लावता लावता विसरूनही गेले.

हे पुढे बॉनेटमध्ये डोकं घालून होते. थोरले मागच्या चाकाशी, ट्रकखाली ब्रेक बघत आडवे होते, पाईपच्या तोंडापासून हातभर लांब. धुराच्या वासात जन्म गेलेली माणसं, त्यांना वेगळं काय जाणवणार? ह्यांना गरगरलं तेव्हा वाटलं, जेवायची वेळ टळली म्हणून. कसेबसे रांगत जाऊन शटर वीतभर वर केलं आणि तिथेच पडले. रस्त्यावरच्या लोकांनी ओढून काढलं. थोरल्यांना काढलं तेव्हा हातात पाना तसाच होता.

दवाखान्यात पोलिसांनी विचारलं. हे म्हणाले, "पाईप बाहेर सोडायचा मी विसरलो." मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं असतं तर काय जीभ झडली असती? पण भिऊन गप्प बसले. दुसऱ्या दिवशी हे घरी आले. तिसऱ्या दिवशी, कुणी नाही बघून, मी बाही काढायला गेले तर भोक रिकामं होतं.

जाऊबाईंनी त्या दिवसापासून ह्यांच्याशी बोलणं टाकलं. एकाच घरात, एकाच चुलीवर, नऊ वर्षं! ताट वाढायच्या, पण असं सरकवायच्या की आमटी सांडायची. काही सांगायचंच झालं तर भिंतीला ऐकवायच्या, "विसरभोळ्या माणसाला म्हणावं, मीठ तिथे आहे." हे मान खाली घालून मीठ घ्यायचे. माझ्याशी मात्र सख्ख्या बहिणीसारख्या. ताप आला की माझे पाय चेपायच्या. ते पाय चेपून घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ह्यांनी शटर पुन्हा कधी ओढलं नाही. उघड्या शेडमध्ये हॉर्नच्या गोंगाटात सूर कसला लागतोय? स्क्रू आत, स्क्रू बाहेर, तासन् तास. गिऱ्हाइकं हसायची, मग यायची बंद झाली. आणि दर वेळी इंजिन चालू करण्याआधी हे मला मागे अंगणात उभं करायचे. मलाच, दुसऱ्या कुणाला नाही. इंजिन चालू झालं की आतून विचारायचे, "धूर येतोय का?" मी भोकाशी वाकून ओरडायचे, "येतोय!" पहिल्यांदा विचारलं तेव्हाच कळलं की बाही कुणी काढली. त्यावर आम्ही नवराबायको एक अक्षर बोललो नाही.

गेल्या आठवड्यात वखारीचा तोच ट्रक परत आला. ह्यांनी नेहमीसारखं विचारलं, मी ओरडले. जाऊबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. भोकातून ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "तेव्हा विचारलं असतं तर माझं कुंकू राहिलं असतं." आत इंजिन बंद पडलं. मी डोकावले. हे स्क्रूड्रायव्हर धरून तसेच उभे, आणि म्हाताऱ्या माणसाची हनुवटी लटलट हलत होती. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, पुरे झालं हे आता.

स्वयंपाकघरात जाऊबाई भाजी चिरायला बसल्या होत्या. समोर बसून सगळं सांगितलं. चादरी, पाईप, बाही, आणि मी काय म्हणाले होते तेही. विळीवरचा हात थांबला. मग विचारलं, "कुठल्या चादरी?"

"एक माझी. एक तुमची, निळी."

"ती मी अजून पांघरते," त्या म्हणाल्या.

उठल्या, हात धुतले आणि शेडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "भावजी," म्हणाल्या, "चला, जेवून घ्या." ह्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. हे लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मी इतक्या वर्षांत ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं, भावाच्या मयतालाही नाही.

रात्री हे मला म्हणाले, "कशाला सांगितलंस? मला सवय झाली होती. तुला नाही सोसायचं."

खरंच आहे. आज आठवा दिवस. जाऊबाई ह्यांना गरम गरम वाढतात, अजून थोडं घ्या म्हणतात. माझ्याकडे बघत नाहीत. काल मला ताप होता, दाराशी आल्या, चिमणीशी बोलावं तसं म्हणाल्या, "कुणाला पाणी हवं असेल तर माठात आहे," आणि गेल्या. माझं ताट मी वाढून घेते.