दोन बाजारांमधलं पाणी

महालिंगप्पांना सगळे अप्पा म्हणत. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर सास्तूरच्या बाजूला काही शेतकऱ्यांनी मिळून विहीर पाडली, इंजिन बसवलं आणि सोसायटी केली. अप्पा तिचे चिटणीस. उस्मानाबादेत कसल्याशा शिबिराला जाऊन ते आलेख काढायला शिकून आले, आणि तिथून विहिरीचे ग्रह फिरले.

पाणी मोजायचं आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण संध्याकाळी सगळे सभासद एका जागी सापडत. अप्पा दगड बांधलेली दोरी सोडत, ओला भाग हातानं मापत आणि चौकटीच्या कागदावर टिंब देत. मागचं टिंब आजच्याला पट्टीनं जोडलं, की मधल्या दिवसांचं पाणी घरबसल्या कळायचं. त्या उन्हाळ्यात दर बाजाराचं टिंब आठ हातांवर, रेघ कशी सरळ! बाजाराच्या दिवशी इंजिन बंद असतं आणि विहीर निवांत भरते, हे एवढ्या हुशार माणसाच्या ध्यानात कसं यावं?

सभासदांपैकी तारामतीची पाणी घ्यायची पाळी बाजाराच्या आदल्या दिवशी, सगळ्यांत शेवटी. तिच्या मिरच्यांनी माना टाकल्या होत्या, आणि त्या तुकड्याशिवाय तिला दुसरं काही नव्हतं.

"अप्पा, इंजिन नुसती हवा वढतंय. हिरीत पाणी न्हाय."

अप्पांनी रेघेवर बोट ठेवलं. "हे बघ, तुझ्या वाराला आठ हात. आलेख खोटं बोलतो व्हय?"

"मग चला, बघा की."

"बघायचं कशाला? म्हणून तर काढलाय."

मला या माणसाचा अजून राग येतो. सभासद मात्र माना डोलवत होते. त्यांच्या पाळ्या आधीच्या होत्या.

तारामती भर बैठकीत म्हणाली, "रोज सारखंच पाणी हाय, तर तुमची पाळी मला द्या. माझी तुमी घ्या."

अप्पांची पाळी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांत पहिली. आता नाही कसं म्हणणार? "घे की! काय फरक पडतो?" म्हणत त्यांनी ऐटीत उन्हाळाभराचा ठराव करून टाकला.

मिरच्या तरारल्या. अप्पांच्या वांग्यांच्या वेळी इंजिन खोकून बंद पडलं. त्यांनी दोरी सोडली, तर दगडाला नुसता चिखल. घामाघूम होऊन ते तारामतीच्या बांधावर गेले.

"पाळ्या परत बदलू, पोरी. हिरीत टिपूस न्हाय."

तिनं खुरपं थांबवलं नाही. "आलेखात बघा की, अप्पा. आठ हात आसंल."

दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या संध्याकाळी, पाणी आठ हातच भरलं. अप्पांनी ते टिंब दिलं, आणि शेजारी आदल्या दिवसाचं पार तळाला. मग त्यांना एकाएकी न्यायाची कळकळ आली: पाळ्या दर आठवड्याला फिरत्या असाव्यात.

"कशाला?" सभासद म्हणाले. "रोज आठ हात हाय की. मधलं टिंब घ्यायची आपली रीत न्हाय."

अप्पांनी ठराव मताला टाकला. त्यांच्याशिवाय एकच हात वर झाला, तारामतीचा.